तिकडे करमते का?

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटायला अर्धा तास होता आणि आम्ही कार्यालयात मध्यान्ह भोजनाच्या तांदळाचा हिशेब जुळवीत बसलो होतो. (हा हिशेब पहिल्या खेपेस जुळल्याचे आम्हांस तरी स्मरत नाही.) दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पाहतो तो आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी. आता कानाजवळ पिकलेला, खडेबाजारात स्वतःचे दुकान असलेला. त्याचा मुलगाही आमच्याच हाताखालून गेला, पुढे इंजिनियर झाला आणि आता उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाला आहे. शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर अधिक पडले होते. ते दुरुस्त करून हवे होते.

दुरुस्तीचा अर्ज लिहिता लिहिता त्याने सारी तयारी सांगितली. मुलाच्या नावे तिकडच्या बँकेत वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच अडकवून ठेवावे लागतात, ते ठेवले. गरम कपडे झाले. मेतकूट झाले, गोडा मसाला झाला, कुंद्याचे डबेही बांधून झाले. एवढे सांगून तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. म्हणाला, "सर, बाकी सगळं झालं. पण तिकडं पोरं मनानं कशी राहतात हो?"

मुख्याध्यापकाकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते, हा आमच्या पेशाचा जुना दोष. आम्ही म्हणालो, "अरे, पहिले पंधरा दिवस जड जातात. मग अभ्यासात मन रमतं. रोज फोन करीत जा म्हणजे झालं." त्याचे समाधान झाले. तो नमस्कार करून गेला. आम्ही मात्र तांदळाचा हिशेब तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिलो. कारण जे उत्तर आम्ही दिले ते खरे नाही, हे आमच्या घराने चांगली किंमत मोजून शिकून ठेवले आहे. त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते आज येथे लिहितो.

आपल्या भाषेत 'करमणे' हे मोठे गुणी क्रियापद आहे. 'मी करमतो' असे कोणी म्हणत नाही. 'मला करमते', 'मला करमत नाही' असेच म्हणायचे. 'मळमळते'च्या पंगतीतले हे क्रियापद. ही गोष्ट आपण करीत नाही, ती आपल्याला होते, हे भाषेनेच मान्य करून टाकले आहे. नव्या नवरीला सासरी करमत नाही, वसतिगृहात ठेवलेल्या पोराला करमत नाही, बाजारातून आणलेल्या बैलालासुद्धा आठवडाभर नव्या गोठ्यात करमत नाही. आमचे कानडी शेजारी अशा वेळी 'बेजार' म्हणतात. तोही शब्द वाईट नाही. परंतु मुलगा परदेशी गेला की आपण हा प्रश्न विचारायचेच सोडून देतो. जेवलास का, थंडी किती आहे, पैसे पुरतात का, एवढे विचारतो. 'करमते का' असे विचारले आणि तो 'नाही' म्हणाला तर पुढे काय बोलायचे, याची आपल्याला धास्ती असते.

ही व्यथा काही आजची नव्हे. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिला प्रथम रोगाचे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. त्याने नोंदविलेल्या रुग्णांत एक विद्यार्थीही आहे. हा तरुण बर्नचा, शिकायला बाझेलला आलेला. तापाने आणि काळजीने इतका खंगला की तो जगत नाही असे सर्वांनी धरले. अखेर त्याला घरी पाठवायचे ठरले. निघण्याची तयारी दिसताच त्याचा श्वास मोकळा झाला आणि बर्नला पोचण्याआधीच तो बरा झाला. बाझेल आणि बर्न यांत अंतर ते किती? आपल्या बेळगाव-हुबळीइतके! तेव्हा आमचे म्हणणे असे की, या दुखण्याला समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. आणि विमानाने आठ-दहा तासांत पोचता येते म्हणून ते कमी होते असेही नाही.

आता आमच्या उत्तरातील 'पहिले पंधरा दिवस' पाहा. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुलब्राइट योजनेतून अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेकरांना त्यांनी प्रश्न विचारले. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले त्या मानाने सुखात होते. मधले, म्हणजे सहा ते अठरा महिने राहिलेले, सर्वांत अस्वस्थ होते. सुरुवातीचे नवे नवे नवलाईचे दिवस संपतात, सत्कार-निरोपांची ऊब विझते आणि मग खरी उतरण लागते. पुढे १९९८ साली न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात मात्र निराळेच दिसले. त्यांना सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच झाला होता. म्हणजे या दुखण्याचे पंचांग ज्याचे त्याचे वेगळे. पंधरा दिवसांचा मुहूर्त काढून देणारे आम्ही कोण?

उत्तराचा दुसरा भाग, अभ्यासात मन रमते. यावर आपल्या ओळखीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांकडे पाहू.

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. वय अठरा. आईला दिलेल्या वचनामुळे मांस वर्ज्य, आणि भाज्या बेचव उकडलेल्या. आत्मकथेत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की, रात्री आईच्या आठवणीने डोळे वाहत आणि हे दुःख कोणाजवळ बोलण्याची सोयच नव्हती. मग त्यांनी उंची सूट शिवले, उंच टोपी घेतली, नाचाचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. हा भाग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात हसत हसत सांगत आलो आणि मुलेही हसत आली. आता वाटते, त्यात हसण्यासारखे काय होते? परक्या मुलखात एकटे पडलेले एक पोर कोठेतरी सामावून जाण्याची धडपड करीत होते. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खाणावळ त्याआधीच सापडली होती, पुढे शाकाहारी मंडळात ते काम करू लागले, चार माणसे आपली झाली. अभ्यास होताच, पण त्यांना सावरले ते या चार माणसांनी.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याही अठरा वर्षांच्या. मूल होऊन गेलेले, प्रकृती नाजूक, आणि सोबत नवरा नाही. कॉलेज सुरू होण्यापूर्वीचे काही महिने त्या न्यूजर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. या बाईंना त्या मावशी मानीत. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी निभेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाही. गोपाळरावांची पत्रे कित्येकदा बोचरी येत. ती पचवायला दुसरीकडे मावशीचे घर होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी अमेरिकेत मागवून घेतल्या आणि पोकिप्सी येथील आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या. मावशीपण यापुढे आणखी काय असते?

आणि घराची ओढ प्रत्येकाला सारखीच असते असेही समजू नये. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले होते. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले आणि ही मैत्री जन्मभर टिकली. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास परतल्यावर राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी उतारशाळेत राहावे लागले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठीबागेत बसून राहिले. अशा माणसाला परदेशी घराची आठवण येत असेल का, असा प्रश्न विचारण्यापूर्वी 'घर' म्हणजे काय ते आपणच आधी ठरवावे लागेल. आमच्या शाळेतूनही अशी मुले बाहेर गेली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गांधींच्या गोष्टीचे एक टोक राहिले. १८९१ साली ते मुंबई बंदरात उतरले तेव्हा थोरले बंधू घ्यायला आले होते. आई वारल्याची बातमी त्यांनी तेथे सांगितली. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी ती दडवून ठेवली होती. ही हकीकत आम्ही किती वेळा शिकविली असेल याची गणती नाही.

आमची धाकटी कन्या ऑक्टोबर २०२२ मध्ये ड्रेस्डेन येथे एम.एस.साठी गेली. पहिले वर्ष बरे गेले, निदान आमच्या मते. रोज संध्याकाळी फोन यायचा. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, रविवारी दुकाने बंद असतात, अशा गमती ती सांगायची. "कशी आहेस?" या प्रश्नाला उत्तर ठरलेले. "मजेत!"

जानेवारी २०२४ मध्ये, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, आमच्या मातोश्री गेल्या. वय सत्त्याऐंशी; तीन दिवसांचे दुखणे. कन्या आजीच्या पदराखाली वाढलेली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिची परीक्षा. आमचे वडीलबंधू म्हणाले, "परीक्षा होऊ दे. लांब आहे पोर, एकटी आहे." आम्हांस ते पटले. मुंबई बंदरावरचे ते थोरले बंधू त्या क्षणी आम्हांस आठवलेही नाहीत, हे कबूल केले पाहिजे.

मग रोजची कसरत सुरू झाली. फोनवर चेहरा दिसतो ना! सौभाग्यवती फोन अशा बेताने धरीत की आजीची रिकामी खाट दिसू नये; मागे फक्त भिंत आणि कालनिर्णय. "आजी कुठे आहे?" "झोपली आहे." दुसऱ्या दिवशी, "देवळात गेली आहे." सुतकात देऊळ! पण त्या वेळी जे सुचेल ते बोलत होतो. फोन ठेवला की सौभाग्यवती आत जाऊन रडत. असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी आमच्या एका भाच्याने व्हॉट्सॲपवर आजीचा हार घातलेला फोटो ठेवला. कन्येने तो ट्राममध्ये पाहिला.

तिने फोन केला. रडली नाही, ओरडली नाही. आम्ही कारणे सांगत राहिलो. ऐकून घेऊन "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस तिचा फोन लागला नाही. ते दोन दिवस आमच्या घरात कसे गेले ते लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तिची लांबलचक ईमेल आली, देवनागरीत. तीत एक वाक्य होते: "बाबा, तुम्ही आजीला नऊ दिवस जिवंत ठेवलंत आणि मी स्वतःला तीन महिने वर्गात हजर ठेवलं." नोव्हेंबरपासून ती वर्गावर गेलीच नव्हती. एका विषयात दोनदा नापास झाली होती आणि तेथील नियमाप्रमाणे तिसरी संधी ही शेवटची. दिवसभर अंथरुणात पडून राहायची. रात्री झोप नाही. फक्त आमच्या फोनच्या वेळेला उठून केस विंचरायचे, स्वच्छ कुडता घालायचा आणि खोलीचा एकच आवरलेला कोपरा मागे येईल असे बसायचे. इकडे आमची भिंत, तिकडे तिची भिंत, आणि मध्ये रोजचा फोन. एकतीस वर्षे हजेरीपट भरणाऱ्या माणसाला स्वतःची मुलगी गैरहजर आहे हे तीन महिने कळले नव्हते.

रागावण्याचा अधिकार आम्हांस उरलाच नव्हता. आम्ही उलट लिहिले, आजीचे शेवटचे तीन दिवस तासातासाने सांगितले. तिला काय काय दुखले, तिने कोणाचे नाव घेतले, सगळे. पूर्वी कधी लिहिले नसते इतके.

त्यानंतर ती कशी सावरली याचे श्रेय आमच्याकडे नाही. तिच्या वसतिगृहात पंधरा जणांत एक स्वयंपाकघर. तेथे एक इराणी मुलगी होती. तिला हे कळले तेव्हा तिने कढई काढली आणि कणीक तुपावर खरपूस भाजून केशर आणि गुलाबपाणी घालून हलवा केला. त्यांच्याकडे मृताच्या नावाने असा हलवा करून वाटतात. दोघींनी तो मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत नेऊन दिला आणि ज्याने दार उघडले त्याला हा आजीचा असे सांगितले. आपल्याकडे तेराव्याला गोडधोड करतात. तिकडे ते असे झाले. त्या रात्री ती प्रथम रडली, असे तिने नंतर सांगितले.

त्याच मुलीने तिला विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या समुपदेशकाकडे नेले. जर्मनीत अशा संस्था विद्यापीठांच्या गावोगावी आहेत आणि हा सल्ला बहुतेक ठिकाणी विनामूल्य मिळतो. पहिल्या भेटीला ती तासभर दाराबाहेर बसून परत आली. दुसऱ्या वेळी आत गेली. आपल्याकडे 'डोक्याचा डॉक्टर' म्हटले की सोयरीक मोडते. तेथे रांग असते, हे ऐकून सौभाग्यवतींना नवल वाटले. रात्री-अपरात्री फोन उचलून नुसते ऐकून घेणारी विद्यार्थ्यांचीच एक सेवाही अनेक विद्यापीठांतून असते. तिला 'नाइटलाइन' म्हणतात. ती १९७० साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात प्रथम सुरू झाली. डॉक्टरांच्या दाखल्यावर परीक्षा पुढे ढकलता येते, हीसुद्धा माहिती तिला समुपदेशकाकडेच मिळाली. ही गोष्ट तिला आधी ठाऊक असती तर! पण विचारायचे कोणाला? विचारायचे म्हणजे आपले बरे चाललेले नाही हे सांगणे आले.

उन्हाळ्यात तिने तो पेपर दिला. पास झाली, गुण यथातथाच. सकाळी खोलीत न बसता ग्रंथालयात जाऊन बसायचे, अभ्यास होवो न होवो, चार माणसे दिसतात, हा नियम तिने स्वतःच घालून घेतला. मार्च २०२५ मध्ये तिचा प्रबंध पुरा झाला.

फोन आता रोज होत नाही. आठवड्यातून दोनदा होतो. पहिल्यांदा दोन्हीकडची वाईट बातमी सांगायची आणि मग बाकीचे, असा करार तिनेच आमच्यावर लादला आहे. सौभाग्यवतींना हे सुरुवातीला अभद्र वाटे. आता त्याच आधी स्वतःच्या गुडघ्याचे सांगतात. कधी कधी एवढेच सांगतात, की आज आम्हांलाच करमत नाही. तिकडून "मलापण" असे उत्तर येते आणि थोडा वेळ कोणी बोलत नाही.

असो. परवा तो दुकानदार विद्यार्थी दुरुस्त केलेला दाखला न्यायला आला. आम्ही त्याला खुर्चीत बसविले, चहा मागविला आणि वरचे सगळे सांगितले. मागचे उत्तर रद्द, असेही सांगितले. तो कप हातात तसाच धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, पोराच्या आईला हृदयाचा झडपेचा त्रास आहे. ऑपरेशन दिवाळीनंतर सांगितलंय. पोराला अजून बोललो नाही. तिकडं जाऊन स्थिर झाला की सांगू म्हटलं होतं."

"तो कधी निघणार?"

"येत्या गुरुवारी."

आम्ही काही बोललो नाही. त्याने दाखल्यातले आपले नाव एक-एक अक्षर बोट ठेवून वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, "आज दुकान लवकर बंद करतो."